निळं राहिलेलं दूध

साहेबांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला, की आमच्या प्रयोगशाळेत मास्तरांच्या आणि माझ्या चेहऱ्यावर तेज यायचं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या दुखण्यावर हसू नये, असं आईनं मला शिकवलं होतं. पण आईनं आमच्या साहेबांना पाहिलं नव्हतं.

प्रयोगशाळा म्हणजे पनवेलच्या बाजारामागच्या एका भातगिरणीचं जुनं गोदाम. साठ साल उलटून गेलं होतं. गिरणीच्या शेठला तांदळाचा कंटाळा आला होता आणि इंग्रजी औषधं काढायची हौस आली होती. त्यानं गोदामाला चुना काढला, फरशी घातली, नळ आणला आणि परदेशातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेल्या साहेबांना तिथं बसवलं. भिंतीपलीकडे गिरणी धडधडायची आणि तिचा कोंडा आमच्या काचेच्या भांड्यांवर येऊन बसायचा. आम्ही तिघंच. साहेब, एक मास्तर आणि नुकतीच बी. एस्सी. होऊन मामाकडे राहणारी मी. मास्तर म्हणजे पन्नाशीचे गृहस्थ, पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. तिथून त्यांना काढलं होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि साहेबांनी कधी विसरू दिलं नाही.

साहेबांना जो आजार होता त्याला वैद्य वातरक्त म्हणतात, डॉक्टर गाउट म्हणतात. शरीरात युरिक आम्ल वाढतं, त्याचे सुईसारखे खडे सांध्यांत जाऊन बसतात. अंगठा वांग्यासारखा होतो. अंगावरची चादर जरी त्याला लागली तरी माणूस किंचाळतो. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, हे खडे आता मूत्रपिंडात उतरायला लागलेत, असंच चाललं तर फार वर्षं मिळणार नाहीत. तेव्हा शेठला औषध विकण्यासाठी हवं असेल, साहेबांना मात्र ते स्वतःसाठी हवं होतं. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांची कल्पना होती मोठी देखणी. शरीरात एक एन्झाइम असतं. झँथिन नावाचा पदार्थ खायचा आणि युरिक आम्ल टाकायचं, एवढाच त्याचा धंदा. त्याला मारायचं नाही. झँथिनसारखाच दिसणारा एक खोटा घास त्याच्यापुढे टाकायचा. "कुत्र्याच्या दाढेत हाडूक अडकतं ना बाई, तसं," साहेब म्हणायचे. "गिळता येत नाही, ओकता येत नाही. मग ते दुसरं काही खाईल कसं?" फळ्यावर ते दोन कड्या काढायचे, एक सहा कोनांची, एक पाच कोनांची, एकमेकींना चिकटलेल्या. मग इथला नायट्रोजन तिथं, तिथल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक, असं करत बसायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा चांगल्या माणसासारखा दिसायचा. बुद्धी होती, नाकारून चालणार नाही. नसती तर त्यांचा राग करणं सोपं गेलं असतं.

फळ्यावर काढलेलं प्रत्यक्षात करायचं काम माझं. उकळायचं, गाळायचं, स्फटिक पाडायचे, वाळवायचं. त्यात महिना जायचा आणि शेवटी हातात यायची चिमूट-दोन चिमटी पूड. गंधकाचा वास माझ्या केसांत बसला होता. मामी मला पुढच्या दारानं घरात घेत नसे. "मोरीत जा आधी," एवढंच तिचं स्वागत. ह्या वासाला नवरा मिळणार नाही, असंही ती शेजारणींना सांगायची, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची.

पूड तयार झाली की ती मास्तरांकडे जायची. हे एन्झाइम गाईच्या कच्च्या दुधात भरपूर असतं. मास्तर काचेच्या नळ्यांत दूध घेत, त्यात मिथिलीन ब्लूचा निळा रंग आणि एन्झाइमला खाद्य म्हणून फॉर्मॅलिनचे थेंब टाकत, हवा लागू नये म्हणून वर पातळ पॅराफिनचा थर देत आणि नळ्या कोमट पाण्यात उभ्या करत. एन्झाइम जिवंत असेल तर ते निळा रंग खाऊन टाकतं आणि थोड्या वेळात दूध पुन्हा पांढरं होतं. आमची पूड घातलेल्या नळीतलं दूध निळं राहिलं, तर समजायचं की हाडूक दाढेत अडकलं. सोबत एक कोरी नळी असायची, पूड न घातलेली. ती पांढरी व्हायलाच हवी. ती झाली नाही तर त्या दिवसाची सगळी मेहनत फुकट.

पहिल्या साऱ्या पुडी पांढऱ्या गेल्या. प्रत्येक पांढऱ्या नळीचं खापर मास्तरांवर. साहेब त्यांना अहो-जाहो करूनच फाडायचे. "मास्तर, आपण शाळेत हेच दिवे लावत होता का?" "मास्तर, आपल्या हातून चहा तरी होतो का?" मास्तर मान खाली घालून नळ्या धूत. एकदा फॉर्मॅलिन घालायचं त्यांच्याकडून राहिलं आणि कोरी नळी निळीच राहिली. साहेबांचा अंगठा त्या दिवशी ठणकत होता. त्यांनी मास्तरांच्या हातात ती नळी दिली आणि काठी टेकत त्यांना गिरणीच्या खळ्यात नेलं. तिथं वीस-पंचवीस बायका भात वाळत घालत होत्या, आसपासच्या गावांतल्या, विचुंब्याच्या, कोनच्या.

"विचारा," साहेब म्हणाले.

मास्तरांनी नळी वर धरली. "बायांनो, दुधाचा रंग कोणता?"

बायकांना आधी कळेना. मग एक जण म्हणाली, "मास्तर, तुमाला म्हाईत नाय? पांढरा हाय." आणि सगळ्या खळ्यात हशा पिकला. साहेबांनी त्यांना तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला, मग पुन्हा. शेवटी शेवटी बायकाही हसायच्या थांबल्या. मास्तरांनी वर धरलेली ती नळी मला अजून दिसते. मीही पहिल्यांदा हसले होते. प्रसंगच तसा होता, हसू आलं.

पुढं चैत्राचं ऊन सुरू झालं. दूध नेरे गावाहून एक गवळी सायकलवरून किटल्यांतून आणायचा. दोन-तीनदा ते वाटेतच फाटलं. तिसऱ्या खेपेला साहेबांनी फाटलेल्या दुधाची किटली त्याच्या डोक्यावर पालथी केली. गवळ्यानं टोपी पिळली, किटली उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. दूध चांगलं होतं, आणि नंतर कधी फाटलं नाही. "बघा," साहेब म्हणाले, "माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगावं लागतं."

त्याच दिवशी माझी नवी पूड तपासायला गेली होती. गंधकवाली, पिवळसर. नळी निळी राहिली. दुपार झाली, निळी. दिवे लागायच्या वेळेला निळी. शेजारी कोरी नळी दुधासारखी पांढरी, आणि ही शाईसारखी. साहेब खुर्ची ओढून त्या नळीसमोर बसले. अंगठा विसरले, आम्हाला विसरले. मग त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच. मास्तर दचकले. मला वाटलं, आनंदानं दचकले.

नंतर सलग चार पुडी निळ्या राहिल्या. साहेबांना त्यात काही नवल वाटलं नाही. "दिशा बरोबर असली की घर सापडतंच," म्हणाले. फळ्यावर पुढं करायच्या म्हणून कड्यांच्या सात-आठ जोड्या काढून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी पुसून टाकल्या. आता शोधायचं कशाला? पिवळी पूड भरपूर करायची एवढंच काम. मी ती बरण्या भरून केली. उंदरांना घातली, उंदीर मेले नाहीत. तेवढं साहेबांना पुरलं. एका सकाळी त्यांनी ती चमच्यानं पाण्यातून घेतली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यापैकी कुणाला काही म्हणायचंय?" आम्हाला काही म्हणायचं नव्हतं.

आणि साहेबांना बरं वाटलं! सूज उतरली. ते बूट घालून तळ्यापर्यंत चालत जाऊन आले. आजवर ते लपूनछपून मोहल्ल्यातल्या एका हकिमाच्या सुरंजानच्या गोळ्या खायचे. मास्तरच आणून द्यायचे. गोळ्या कडू, पोट बिघडवणाऱ्या, पण दुखणं आवरणाऱ्या. त्या त्यांनी फेकून दिल्या. डॉक्टरांनी बंद केलेली कलेजी, मटण, सुकट, सगळं सुरू केलं. खाताना बोटं चाटायचे. ह्या आजाराचा झटका कशानं उतरतो, तर पुष्कळदा आपोआपच उतरतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण पायात बूट शिरला की शहाणपण बाहेर पडतं.

मला शंका आली ती माझ्याच गलथानपणामुळे. पाचवी पूड माझ्या हातून बिघडली होती. धुवायला कंटाळले, म्हणून तिच्यात निम्म्याहून जास्त मीठच होतं. अशी पूड काय कपाळ करणार? तरी तीही निळी. मी मनाशी म्हटलं, मिठानं गाउट बरा होत असता तर उरणच्या मिठागरांत एकही लंगडा दिसला नसता. मास्तर जेवायला गेले होते. मी त्यांच्या दुधात पुडीऐवजी नुसतं पाणी घातलं. निळं राहिलं. जुन्या, वाया गेलेल्या पुडी एकामागून एक घातल्या. सगळ्या निळ्या. त्या दुधात एन्झाइम नव्हतंच. असतं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी गवळ्याला गाठलं. "दूध कच्चं आणता ना?"

तो बिचारा अभिमानानं म्हणाला, "नाय बाय, उकलून आनतो. उन्हात कच्चा दूध ऱ्हातो काय? घरवाली पहाटे एक उकली देते, थंड करते, मंग भरते. साएबानी किटली डोक्यावर वतलान ना, त्या दिसापासना. आता तक्रार हाय काय?"

तक्रार नव्हती. आपल्याकडे दूध घरात आलं की पहिलं चुलीवर जातं. त्यानं तर उलट घरचं समजून केलं होतं. एका उकळीत एन्झाइम मरतं, हे त्याला कोण सांगणार? साहेबांनी फक्त किटली ओतली होती.

पण कोरी नळी? ती रोज पांढरी कशी व्हायची? मी मास्तरांना विचारलं. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि फार हळू बोलले.

"पहिल्या दिवशी ती निळीच राहिली, ताई. मला वाटलं, माझाच हात चुकला. पुन्हा केली, पुन्हा निळी. मग गिरणीच्या कचेरीत दिवाणजींच्या चहाचं दूध होतं, दुसऱ्या गवळ्याचं, कच्चं. ते घातलं. पांढरी झाली."

"आणि नंतर रोज?"

"रोज. एकदा केल्यावर काय करणार? मला पुन्हा त्या बायकांसमोर उभं राहायचं नव्हतं." मग त्यांनी हात जोडले. "दोन दिवस थांबा. मी काहीतरी करतो."

मी थांबले नाही. साहेब रोज सकाळी ती पूड गिळत होते हे खरं, पण त्यांच्या मूत्रपिंडांच्या काळजीनं मी धावले असं म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी होईल. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. तो मी बघितला, आणि मला फार बरं वाटलं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कच्चं दूध मागवलं, नळ्या स्वतः भरल्या आणि त्यांच्यासमोर बसून राहिले. पिवळी पूड घातलेली नळी कोरीच्या बरोबरीनं पांढरी झाली. साहेब ओरडले नाहीत. मास्तरांना बोलावून त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मास्तरांनी मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता हाकलतील. मास्तरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी खुंटीवरची छत्री काढून काखेत धरली होती.

"छत्री ठेवा," साहेब म्हणाले. कपाटातली पिवळ्या पुडीची बरणी काढून त्यांनी मास्तरांपुढे ठेवली, चमचा ठेवला, पाण्याचा पेला ठेवला. "इतके दिवस मी खाल्ली. आता आपण घ्या. रोज सकाळी, माझ्यासमोर. बरणी संपेपर्यंत."

"साहेब, हे बरोबर नाही," मी म्हटलं. माझ्याच हातची पूड होती ती. तिच्यात काय काय राहिलंय ते मला माहीत होतं.

"बाई, अजून दोन बरण्या आहेत," साहेब म्हणाले.

मास्तरांनी पूड घेतली. नाही म्हणता आलं असतं, उठून जाता आलं असतं. पण शाळेतून एकदा काढलेला माणूस, तो घरी जाऊन पुन्हा तेच कसं सांगणार? त्यांच्या अंगावर पुरळ उठलं, कातडी सुटायला लागली, अन्नावरची वासना गेली. सकाळी चमचा, पेला आणि साहेबांची नजर, असा तो प्रकार बरणीचा तळ दिसेपर्यंत चालला. शेवटच्या दिवशी साहेबांनी बरणी उलटी करून बघितली आणि म्हणाले, "चला, उंदरांपेक्षा आपण काटक."

त्याच आठवड्यात साहेबांना झटका आला. कलेजी आणि मटण व्याजासकट उलटलं. ह्या वेळी दोन्ही पाय आणि एक गुडघा. हकिमाच्या गोळ्या आता पोटात ठरेनात. पूड निष्फळ होती, पण निरुपद्रवी नव्हती. मूत्रपिंडाचं जे व्हायचं होतं ते तिनं लवकर केलं, असं डॉक्टर म्हणाले. शेठ एकदा येऊन बघून गेला. नाकाला रुमाल लावला होता. पुढच्या पावसाळ्याआधी गोदामात पुन्हा कोंड्याची पोती आली. मी पनवेलच्याच एका शाळेत शिकवायला लागले. मामीनं मला पुढच्या दारानं आत घेतलं.

काही वर्षांनी मुंबईच्या एका वाचनालयात मी परदेशी नियतकालिकं चाळत होते. तिथं ते छापलेलं होतं. तेच एन्झाइम, तोच खोटा घास, त्याच दोन कड्या. फक्त पाच कोनांच्या कडीतला एक नायट्रोजन शेजारच्या जागेवर सरकवलेला. गाउटच्या रोग्यांचं युरिक आम्ल त्यानं खरोखर उतरत होतं. साहेबांनी त्या दिवशी पुसलेल्या जोड्यांत ती होती का? मला आठवत नाही. असती, तरी आमच्या गोदामात तिचं औषध झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण आम्ही शोधत तरी राहिलो असतो.

साहेबांना हे सांगायला मी गेले. का गेले, ते माझं मलाच नक्की माहीत नाही. थोडी दया असेल, थोडं मीठ चोळणंही असेल. ते तळ्याजवळ एका खोलीत राहत होते. बायको पूर्वीच माहेरी गेली होती, ती परतली नाही. एक बाई सकाळी पेज करून ठेवून जायची. एरवी कुणी फिरकत नसे. फक्त मास्तर, रोज संध्याकाळी. सगळं पनवेल त्यांचं कौतुक करायचं. एवढं सोसून माणूस सेवेला जातो, देवमाणूस आहे म्हणायचे. मीही म्हणायचे.

साहेब लोखंडी खाटेवर पडून होते. तोंड सुजलेलं, पाय उघडे. बोटांच्या सांध्यांवर खडूसारख्या पांढऱ्या गाठी आल्या होत्या. मास्तर पायथ्याशी स्टुलावर बसून बाजारातल्या गोष्टी सांगत होते. मी साहेबांना बातमी सांगितली आणि फळ्याऐवजी आता ते जवळ बाळगत त्या पाटीवर दोन कड्या काढून दाखवल्या.

त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली. "इथं?" म्हणाले. "नायट्रोजन इथं?" बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "आपल्याकडे कधी येईल?"

"वेळ लागेल, साहेब. आणि डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं इतकी गेल्यावर..." त्यांनी पाटी उशाशी ठेवली.

तेवढ्यात ते एकदम कण्हले. खाटेची दांडी त्यांनी घट्ट धरली, कपाळावर घाम आला. थोडं ओसरलं, आणि परत तेच. मी इकडेतिकडे बघितलं. चादर पायाला लागत नव्हती, वारा नव्हता. मग मला मास्तरांचा गुडघा दिसला. तो खाटेच्या पायाला टेकलेला होता आणि हलत होता. सावकाश. थांबायचा, पुन्हा हलायचा. प्रत्येक हिसक्याला खाटेच्या स्प्रिंगा कुरकुरायच्या आणि साहेबांचे दोन्ही अंगठे थरथरायचे. मास्तरांचं तोंड खिडकीकडे होतं. बोंबील यंदा किती महाग झालेत, ते सांगत होते.

साहेबांना कळत नव्हतं असं नाही. ते त्या गुडघ्याकडेच बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, आणि मला वाईटही वाटलं नाही. तेव्हा नाही.

दिवेलागणीला मास्तर उठले. छत्री काखेत घेतली. साहेबांनी कसाबसा हात पुढे करून त्यांच्या सदऱ्याची बाही पकडली.

"मास्तर," ते म्हणाले, "उद्या याल ना?"

"येणार की, साहेब."

"जरा लवकर या. दुपार जाता जात नाही."